पाठीतली तलवार

वुडकटमध्ये रेघ कोरायची नसते, राखायची असते. तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढत जायचं. जे उरतं त्याला शाई लागते. तीस वर्षं हेच करत आलो, पण या नियमाचा चटका मला जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या एका चित्रानं दिला. गेल्या पावसाळ्यात सरावासाठी ते लाकडावर उतरवून घेतलं होतं.

१५२५ साली न्यूरेंबर्गला ड्यूररनं कंपास आणि पट्टीनं मोजमाप कसं करावं हे शिकवणारं पुस्तक काढलं. त्याच वर्षी जर्मन मुलखात शेतकऱ्यांचं बंड चिरडलं गेलं, हजारो माणसं कापली गेली. पुस्तकात काही कल्पित स्मारकांचे आराखडे आहेत. एक लढाई जिंकल्याचं, एक दारुड्याच्या थडग्याचं, आणि एक बंडखोर शेतकऱ्यांना हरवल्याचं.

मी उतरवून घेतलेलं हे तिसरं म्हणजे उतरंडच. तळाशी वीस फुटी चौथरा, कोपऱ्यांवर बांधलेल्या गाई, मेंढ्या, डुकरं. वर लोणी, अंडी, कांदे, पाला यांच्या टोपल्या. मग धान्याची पेटी, तिच्यावर पालथी कढई, चीजचं भांडं, लोण्याचा डेरा, अडीच फुटी दुधाची चरवी. चरवीत उभ्या काठ्या, त्यांना कुदळ, दाताळं, मळणीचं दांडकं. त्यावर कोंबड्यांचं डालगं, डालग्यावर चरबीचं भांडं. आणि अगदी टोकाला, हातावर डोकं टेकून बसलेला शेतकरी. पाठीत तलवार. मापं अर्ध्या फुटापर्यंत दिलेली.

काही अभ्यासक याला थट्टा मानतात. शेजारी दारुड्याचं थडगं आहेच. मला पटत नाही. असा हातावर डोकं टेकून बसलेला माणूस ड्यूररनं आधीही काढला होता: १५११च्या 'लहान पॅशन' या ख्रिस्ताच्या यातनांच्या मालिकेच्या पहिल्या पानावर, काट्यांचा मुकुट घातलेला ख्रिस्त. ज्याला हसायचं त्याला ड्यूररसारखा माणूस ती बैठक देणार नाही. शिवाय वार छातीत नाही, पाठीमागून आहे.

डेरा, डालगं, काठ्या सगळं कोरून झालं. तलवारीपाशी हात थांबला. ती उभी राहावी म्हणून मला त्या माणसाची पाठ दोन्ही बाजूंनी खोदावी लागणार होती. ठोकळा दोन दिवस कापडाखाली तसाच राहिला. तिसऱ्या दिवशी सगळ्यात बारीक पटाशी घेतली, आणि पाठीच्या दोन रेघा जास्तीच्या राखल्या. ड्यूररच्या चित्रात त्या नाहीत.