हवा कोणी भरायची?

कला शाखेच्या विद्यार्थिनीने बंदुकीवर लिहावे, हे आमच्या संपादक मंडळातील काहींना रुचलेले नाही. पाऊस, आजीची गोधडी, फार तर एस.टी. स्टँड, असे हक्काचे विषय सोडून ही कुठे निघाली? पण गेली दोन वर्षे माझ्या उजव्या खांद्याला जे टेकलेले आहे तो छर्ऱ्याच्या बंदुकीचा दस्ता आहे, गोधडी नव्हे. शिवाय यंदा जिमखान्याच्या बैठकीत जो वाद झाला तो अर्ध्या कॉलेजला ठाऊक आहे आणि जो तो आपल्या परीने तिखटमीठ लावून सांगत असतो. तेव्हा एकदा माझ्या बाजूनेही सांगून टाकते.

माजी विद्यार्थ्यांनी नेमबाजीसाठी म्हणून काही रक्कम दिली. तेवढ्यात एक वापरलेली, पण स्पर्धेच्या दर्जाची पीसीपी रायफल येत होती. किंवा मग स्प्रिंगच्या चार नव्या रायफली, छर्ऱ्यांचे डबे आणि छर्रे अडवणाऱ्या लोखंडी पेट्या. पीसीपी आली तर ती माझ्याच हाती राहणार हे उघड होते, कारण विद्यापीठाच्या निवड चाचणीला आमच्याकडून मी एकटीच जाते. आणि बैठकीत मत विचारले गेले ते मलाच!

दोन्ही बंदुका हवेवरच चालतात. फरक आहे तो हवा कोणी आणि केव्हा दाबायची याचा. जत्रेत फुगे फोडायला देतात ती स्प्रिंगची. तिची नळी खाली मोडायची. मोडताना आतली जाड स्प्रिंग दाबली जाते आणि दट्ट्या मागे जाऊन अडकतो. चाप ओढला की दट्ट्या सुटतो, पुढची हवा एका क्षणात दाबतो आणि ती हवा छर्ऱ्याला बाहेर ढकलते. प्रत्येक नेमाची हवा त्या त्या वेळी, आपल्याच दंडाच्या जोरावर. पीसीपीत हवा आधीच भरलेली असते, नळीखालच्या सिलिंडरमध्ये, सुमारे २०० बार दाबाने. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार असतात, यावरून काय ते समजावे. चाप ओढला की झडप निमिषभर उघडते, मोजून तेवढीच हवा सुटते आणि बंदूक जागची हलत नाही.

हे न हलणे म्हणजे काय, ते ज्याने दोन्ही चालवल्या आहेत त्यालाच कळेल. स्प्रिंगचा दट्ट्या पुढे धावला की बंदूक मागे येते, आणि दट्ट्या टोकाला आदळला की ती पुढे उसळते. छर्रा नळीतून बाहेर पडण्यापूर्वीच ही ओढाताण सुरू झालेली असते! म्हणून बंदूक आवळून धरली की छर्रा एकीकडे जातो, सैल धरली की दुसरीकडे. झोपलेले तान्हे मूल घ्यावे तशी ती तळहातावर नुसती राहू द्यावी लागते, आणि चाप ओढल्यावरही श्वास न सोडता तसेच थांबावे लागते. दहा मीटरवरच्या कागदावर दहा गुणांचा ठिपका असतो अर्ध्या मिलिमीटरचा. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. एवढ्याशा ठिपक्यासाठी बंदुकीचीही मनधरणी करायची, मग स्वतःची. पीसीपीत पहिली मनधरणी वाचते. उरतो तो आपलाच हात, आपलेच काळीज. नेम चुकला तर दोष द्यायला दुसरे कुणी नाही. मला तिचे हे फार आवडते. शिवाय स्पर्धेच्या पीसीपीवर छर्रा न भरता घरी चाप ओढण्याचा सराव करता येतो. स्प्रिंगची बंदूक रिकामी उडवली तर दट्ट्या आणि स्प्रिंग दोघेही रुसतात.

बैठकीत एक सर म्हणाले, "पीसीपी म्हणजे नवे तंत्र, आपण मागे का राहायचे?" मला हसू आवरेना. नवे कसले? ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० साली जिरांदोनीची हवेची रायफल घेतली होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी, आणि ती भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार दट्टे मारावे लागत. उलट स्प्रिंगच्या रायफली जर्मनांनी इतक्या सुधारल्या की फाइनवेर्कबाउच्या ३०० या रायफलीत धक्का खांद्याला लागू नये म्हणून सगळे यंत्रच रुळावर मागे सरकते. १९८४ साली लॉस एंजेलिसला दहा मीटर एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली. आज मात्र त्या पातळीवर पीसीपीच दिसते, हेही खरे.

अर्थशास्त्राच्या मॅडमचा मुद्दा वजनदार होता. एक मुलगी वर गेली की तिच्यामागे दहा येतात, असे त्यांचे म्हणणे. अंजली भागवत कॉलेजच्या एनसीसीतूनच नेमबाजीत आल्या आणि २००० साली सिडनीच्या अंतिम फेरीत पोचल्या. आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात तर उदाहरणे शोधायला नकोत: तेजस्विनी सावंत २०१० च्या जागतिक विजेत्या, आणि कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेला २०२४ साली पॅरिसला कांस्य. (त्या दोघांची पदके पन्नास मीटरची, दारूच्या काडतुसांची. पण सुरुवातीला कागद सगळ्यांना सारखाच.) मॅडम बोलत होत्या आणि सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी सरांना विचारले, "सिलिंडरवरची तारीख काय आहे?" या सिलिंडरना साधारण दहा वर्षांची मुदत असते आणि स्पर्धेत मुदत संपलेला चालत नाही. विकणाऱ्याने पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. पावणेदोन वर्षे उरली होती. मग दुसरा प्रश्न: हवा कोणी भरायची? आमच्या गावात सायकलच्या चाकात हवा भरून मिळते, २०० बारची नव्हे. हातपंप घेतला तरी पन्नास-साठ दट्टे मारल्यावर काटा जेमतेम सरकतो. हवेतली ओल आत गेली तर झडपा गंजतात, आणि आमच्याकडे पावसाळा कसा असतो ते सांगायला नको. बिघडली तर पार्सल करून मुंबईला किंवा पुण्याला. स्प्रिंगच्या बंदुकीचे वॉशर आमचे शिपाईमामा दुपारच्या सुट्टीत बदलतात.

मी स्प्रिंगच्या रायफली मागितल्या. कुणी याला त्याग म्हणू नये. मला तो शब्द मुळीच आवडत नाही. क्लबमधल्या उसन्या पीसीपीवर चाळीस नेमांत माझे अकरा-बारा गुण वाढतात, हे मी बैठकीत आकड्यांनिशी सांगितले. ते गुण मला हवे होते. पण कपाटात कुलूपबंद, काटा शून्यावर आलेली रायफल डोळ्यांसमोर दिसत होती. तिचे मी काय करणार होते?

मॅडमना माझे म्हणणे अजून पटलेले नाही. निवड चाचणीत मी तीन गुणांनी राहिले तेव्हा त्यांनी मला स्टाफरूममध्ये बोलावून चहा दिला आणि त्या विषयावर एक अक्षर बोलल्या नाहीत. त्या चहाने मला निकालापेक्षा जास्त रडवले.

चार रायफली श्रावणात आल्या. साडेचार मिलिमीटरची नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद असल्याने परवाना लागत नाही. ओळखपत्र मात्र द्यावे लागले. घरी आजीने एकच अट घातली, "पाखरांवर धरायची नाही." कायदाही आजीच्याच बाजूचा आहे. जुन्या सभागृहामागचा व्हरांडा मोजून दहा मीटर भरला. शनिवारी चौदा जण येतात. पहिले दोन आठवडे नळी मोडतानाच निम्म्या जणांचे दंड भरून आले. आता वीस नेमांनंतर कुरकुर सुरू होते, एवढी प्रगती आहे.

त्यांत एफ.वाय.ची एक डावखुरी मुलगी आहे. उजव्या हातासाठी घडवलेला दस्ता ती डाव्या खांद्याला लावते आणि धक्का येऊन गेल्यावरही कागदाकडे तशीच बघत राहते. ते मला जमायला वर्ष लागले होते. परवा तिने विचारले, "ताई, मी पुढे पीसीपी घेऊ का?" मी म्हटले, "घे. पण आधी हवा कुठे भरून मिळते ते विचारून ये." ती वहीत लिहून घेऊ लागली. खाली अजून काहीतरी लिहीत होती. डोकावून पाहिले तर एस.टी.चे वेळापत्रक.