बाकावर कोण बसलंय, ते आधी बघ

अहमदनगर,
20 नोव्हेंबर 2020

चि. बाळ यास,


तुझं पत्र मिळालं. कोरोनाच्या साथीमुळे बंद असलेली राज्यातली प्रार्थनास्थळं 16 तारखेपासून उघडली. परवाच्या रविवारी तुमची मंडळी पुन्हा भरणार, आणि त्याआधीच मास्क, अंतर नि प्रभुभोजनाचा प्याला यांवरून दोन तट पडले, हे वाचून वाईट वाटलं. यंदाचा ईस्टरही आपण घरातच केला. तुझी तळमळ मला कळते.

विश्वासणाऱ्याने आजाराला भिऊ नये, असं तू लिहितोस. तुझ्या विश्वासाबद्दल मला शंका नाही. पण बाकावर शेजारी कोण बसणार आहे? मधुमेहाच्या आजीबाई, डायलिसिस चालू असलेले काका, बाळंतपण जवळ आलेली लेक. तू निर्भय आहेस म्हणून धोका त्यांनी का पत्करावा?

करिंथच्या मंडळीतला वाद आठव. मूर्ती म्हणजे काहीच नाही, मग तिला वाहिलेलं मांस खाल्लं तर काय बिघडलं, असं काहींचं म्हणणं होतं. प्रेषित पौलालाही ते पटत होतं. तरी आपल्या खाण्याने दुर्बळ भाऊ अडखळणार असेल तर आपण मांस कधीच खाणार नाही, असं त्याने त्यांना पत्रातून कळवलं. मत बरोबर असूनही त्याने भावाला वर ठेवलं. त्याच पत्रात, प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आधीच खाऊन घेतात नि गरीब उपाशी राहतात, म्हणून त्याने मंडळीला खडसावलं आणि एकमेकांसाठी थांबायला सांगितलं.

1527 साली विटेनबर्गला प्लेग आला. विद्यापीठ येनाला हललं, पण धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर गावातच राहिला. पत्नी गरोदर असतानाही त्याने आजाऱ्यांना घरात ठेवून घेतलं. त्याच सुमारास योहान हेस या पाळकाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की मी औषध घेईन, घराला धुरी देईन, जिथे माझी गरज नाही तिथे जाणार नाही, म्हणजे माझ्यामुळे कुणाला लागण व्हायची नाही. पण शेजाऱ्याला गरज पडली तर मागेपुढे न पाहता जाईन. दूर राहणं असो वा जवळ जाणं, दोन्ही त्याने शेजाऱ्याकडे बघूनच ठरवलं.

दुसऱ्या तटालाही हेच सांग. सगळं बंदच ठेवा म्हणणाऱ्यांनी, घरात एकटं पडलेल्या म्हाताऱ्यांची चौकशी कोण करतं, हेही बघावं.

तेव्हा रविवारी मास्क लाव, अंतर ठेवून बस, प्याला वेगवेगळा मिळाला तरी आनंदाने घे. येऊ न शकणाऱ्यांची यादी पंचांकडून मागून घे. त्यांना फोन कर, औषधं नि किराणा दारात पोहोचव. वाद घालायचाच असेल तर तो साथ ओसरल्यावर घाला. आज माणसं सांभाळा.

ताईला सलाम सांग.

तुझा,
मामा