झूरिक सरोवराकांठचें रुश्लिकोन

गेल्या वर्षीं स्वित्झर्लंडांत पुतण्याकडे राहण्याचा योग आला. बर्फाच्छादित शिखरें व सरोवरांतील आगबोटी प्रवासवर्णनांतून वाचकांस परिचित असल्यामुळें त्यांविषयीं लिहीत नाहीं. मला ओढ होती ती रुश्लिकोन ह्या लहानशा गांवाची. झूरिकहून आगगाडीनें सुमारें पाव तासांत तेथें पोंचतां येतें. गांव सरोवराच्या पश्चिम उतारावर असून वर टेकडीवर आयबीएम कंपनीची संशोधनशाळा आहे.

ह्या ओढीस एक जुनें शल्य कारण होतें. सन १९८४ मध्यें, मी नुकताच शिक्षक झालों असतां, एका विद्यार्थ्यानें विचारलें, "गुरुजी, परमाणु कोणी पाहिला आहे काय?" आपणां सामान्यांस तो अनुमानानेंच कळावयाचा, असें कणादमताच्या आधारें सांगून, पुन्हा विचारतांच मीं त्यास दरडावून खालीं बसविलें. वस्तुतः १९८१ सालींच ह्या टेकडीवर बिनिग व रोरर ह्यांचा स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप सिद्ध झाला होता!

ह्या यंत्रांत भिंग नाहीं. तीक्ष्ण सुई पृष्ठभागास न टेकतां अगदीं जवळ आणितात. मधल्या पोकळींतून विजेचा अंश झिरपतो. अंतर सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागानें वाढलें तरी तो प्रवाह सुमारें दसपट घटतो. आंधळ्यानें काठीनें वाट चाचपावी, तशी सुई ओळीओळीनें फिरते. हादरे बसूं नयेत म्हणून आरंभीं प्रयोग रात्रीं, श्वासहि जपून घेत, चालत. पहिलें यंत्र तर द्रव हेलियमनें थंड केलेल्या शिशाच्या वाडग्यावर, चुंबकांच्या योगें, अधांतरीं तरंगत असे. तो आधार शिशाच्या अतिसंवाहकतेचा, म्हणजे विजेस मुळींच अडथळा न करण्याच्या गुणाचा.

पुढें १९८६ सालीं ह्याच संशोधनशाळेंत बेडनोर्झ व म्युलर ह्यांस तांब्याच्या एका ऑक्साइडांत तोच गुण शून्याखालीं सुमारें २४० अंशांवर आढळला. ह्यास 'उच्च तापमान' म्हणतात हें ऐकून घरांतील मंडळी हंसतील. पण शिशास शून्याखालीं २६६ अंश लागतात! बिनिग-रोररांस १९८६ चें व ह्या दोघांस १९८७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

आम्ही टेकडीवर बांकावर बसलों. पुतण्या पदार्थविज्ञानाचा अभ्यासक. त्यानें बिस्मथयुक्त अतिसंवाहक स्फटिकाचें, अशाच यंत्रानें काढलेलें एक चित्र दाखविलें. हा स्फटिक अभ्रकासारखा पापुद्र्यांनीं सुटतो; निर्वातांत ताजा पृष्ठभाग उघडून तो सुईखालीं ठेवितात. चित्रांत परमाणूंचे उंचवटे भाताच्या रोपांसारखे ओळीनें उभे, आणि त्यांवरून लाटांसारख्या वळ्या गेलेल्या.

"म्हणजे पाहिला!" मी उद्गारलों.

"काका, हा बिस्मथचा थर. वीज विनाअडथळा वाहते ती ह्याखालच्या तांब्याच्या थरांत. तो वरून दिसत नाहीं; सुईखालीं विजेचा दाब बदलून त्याचें अनुमान करावयाचें."

त्या अनुमानांतून एक विलक्षण गोष्ट निघाली. इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळण्याचें बळ सर्वत्र सारखें नसून कांहीं थोड्या नॅनोमीटरांत बदलतें, असें २००१ च्या सुमारास दिसून आलें. ह्या जोड्या मुळांत कशानें जुळतात, ह्यावर मात्र विद्वानांचें अद्यापि एकमत नाहीं.

मीं त्या चित्राची एक प्रत मागून घेतली. तो विद्यार्थी आतां पन्नाशी उलटलेला असेल. नांव आठवतें, पत्ता शोधीत आहें.