उडदाच्या डाळीखालचे पैसे

बुधवारी दुपारी मी ऑफिसात मीटिंगमध्ये होतो. फोन गप्प करून टेबलावर पालथा ठेवला होता. बाहेर आल्यावर पाहिलं तर आईच्या फोनवरून पैसे मंजूर करण्याची विनंती येऊन पडलेली. रक्कम नव्वद रुपये. मधे तासाभराहून जास्त वेळ गेला होता आणि विनंतीची मुदत संपून गेली होती. मी लगेच आईला फोन लावला.

"काय घेत होतीस?"

"मेथी बघितली होती. काही बरी नव्हती," ती म्हणाली आणि जेवलास का म्हणून विचारलं.

मेथी चांगली होती हे मला दिवाळीत कळलं, तेही लेकीकडून.

आई दर बुधवारी नाशिकरोडहून बसने गंगेवर जाते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या काठावरचा बुधवारचा बाजार हा आईचा चाळीसेक वर्षांचा नेम. नाशिकरोडला भाजी मिळत नाही असं नाही. पण तिथे तिच्या ठरलेल्या भाजीवाल्या आहेत, बिब्बे-खडीसाखरवाला आहे, दोन घटका बोलणं होतं. त्या दिवशी मेथीच्या तीन जुड्या आणि मिरच्या पिशवीत पडल्या होत्या. आईने कोड स्कॅन केला, रक्कम टाकली आणि फोन हातात धरून उभी राहिली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं. मागे गिऱ्हाइकं जमली. भाजीवाली म्हणाली, "राहू द्या मावशी, पुढल्या बुधवारी द्या." आईने पिशवीतून एकेक जुडी काढली आणि गोणपाटावर होती तशी लावून ठेवली. आजवर तिने कुणाची उधारी केलेली नाही. बटव्यात बसपुरते सुट्टे होते. बाकी बाजार न करता ती घरी आली.

ही सगळी व्यवस्था मीच केली होती, आणि केली तेव्हा मला तिचा अभिमान होता.

यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ साली आली. आपल्या खात्यातून घरच्या दुसऱ्या माणसाला त्याच्या फोनवरून पैसे देता येतात. त्यात दोन प्रकार आहेत. एकात महिन्याला पंधरा हजार आणि एका वेळी पाच हजारांपर्यंतची मुभा देऊन आपण मोकळे होतो. दुसऱ्यात समोरच्याने केलेला प्रत्येक खर्च आपल्याकडे येतो आणि आपण आपला पिन टाकला तरच पैसे जातात. मी दुसरा निवडला. त्या सुमारास ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांना जुना सोफा विकताना कुणीतरी फसवलं होतं. "पैसे पाठवतोय, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असं सांगितलं आणि त्यांनी टाकला. पिन लागतो तो पैसे द्यायला, घ्यायला कधीच लागत नाही, ही एवढी गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार क्रमांकावर फोन करेपर्यंत रक्कम दोन-तीन खाती फिरून गेली होती. त्यामुळे आईच्या बाबतीत मी धसकाच घेतला. शिवाय तिचे गुडघे दुखतात, एटीएमच्या रांगेत उभं राहायला नको. पेन्शन खात्यात शिल्लक राहील, खर्च माझ्या खात्यातून होईल. घरात रोख पैसे ठेवायला नकोत, चोरीची भीती नको. यातलं एकही कारण खोटं नव्हतं. आईला मात्र मी विचारलं नव्हतं, फोन हातात देऊन फक्त शिकवलं होतं.

तिच्या आणि पैशाच्या नात्याबद्दल मला जे ठाऊक होतं ते मी त्या वेळी आठवायला हवं होतं.

माझे वडील, आमचे दादा, नोटप्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं 'प्रेसमध्ये' म्हटलं की कळतं. १९२८ पासून तिथे नोटा छापल्या जातात. दादा छापील कागदांच्या तपासणीवर होते. न कापलेल्या नोटांचे मोठे ताव रोज त्यांच्या हाताखालून जायचे, आणि सुटताना गेटवर झडती देऊन ते घरी यायचे. आम्हा मुलांना त्यांनी नोट डोळे मिटून ओळखायला शिकवली होती. उठावाच्या शाईवरून अंगठा फिरवायचा, कागद कानाजवळ धरून वाजवायचा, मग उजेडात पाणचिन्ह पाहायचं. कामात त्यांची चूक कधी निघाली नाही, आणि घरही त्यांनी तसंच चालवलं. पगाराच्या दिवशी घरखर्चाची ठरलेली रक्कम आईच्या हातावर ठेवायची. आईने रोजचा खर्च लाल पुठ्ठ्याच्या वहीत लिहायचा. रविवारी चहा झाला की दादा ती वही तपासायचे, तिथल्या तावांसारखीच, ओळ न् ओळ. ते रागावायचे नाहीत. फक्त विचारायचे, "या आठवड्यात साखर जास्त कशी?"

या वहीच्या बाहेर आईचं एक वेगळं खातं होतं, ते स्वयंपाकघरात. रद्दीचे पैसे, भाऊबिजेला मामाने घातलेली ओवाळणी, आणि वहीत दोन रुपये चढवून लिहिलेली वांगी. हे सगळं उडदाच्या डाळीच्या डब्यात तळाशी जायचं, गोड्या तेलाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबरबँड. उडदाची डाळ आमच्याकडे फारशी होत नसे, म्हणून त्या डब्याकडे कुणी फिरकत नसे. माझी मावशी नवऱ्याच्या आजारपणात अडचणीत होती तेव्हा तिच्या मुलाची फी कुठून गेली, हे घरात कधी कुणी विचारलं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१६ ला, मंगळवारी रात्री, टीव्हीवर पाचशे-हजाराच्या नोटा मध्यरात्रीपासून बंद झाल्याचं कळलं. दादांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी ते ताठ बसून ऐकत होते. १९७८ साली हजार, पाच हजार आणि दहा हजाराच्या नोटा रद्द झाल्या तेव्हाची हकीकत ते मला सांगू लागले. आई मधेच उठून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो डबा दादांच्या पुढ्यात ठेवला. मी, माझी बायको, दहा वर्षांची लेक, सगळे तिथेच होतो. तेलकट पिशवी उघडली. नोटांना डाळीचं पीठ लागलेलं होतं. दादांनी पंचावर एकेक नोट पुसली आणि मोजली. एकतीस हजार पाचशे.

"हे कुठले?"

"घरातलेच," आई म्हणाली.

दादा खरंच रागावले नाहीत. उलट त्यांना कौतुकच वाटलं, शेजाऱ्यांनाही त्यांनी सांगितलं, आणि सगळे हसले. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती. तिच्या नावावर खातं नव्हतं, म्हणून रक्कम दादांच्या खात्यात भरली. एकही रुपया बुडाला नाही. पण त्या दिवसानंतर ते पैसे आईचे राहिले नाहीत. पुढे घराला रंग काढला त्यात ते गेले, आणि ते तिचे होते असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणालो नाही. किती घरांत त्या आठवड्यात असे डबे बायकांना सगळ्यांदेखत रिकामे करावे लागले असतील! त्या काळाची चर्चा काळ्या पैशाची झाली, रांगांची झाली. डाळीच्या डब्यातला पैसा हा बाईचा स्वतःचा एवढाच कोपरा होता, त्याबद्दल मी फार थोडं ऐकलं.

दादा २०२० मध्ये गेले. आईला कुटुंबनिवृत्तिवेतन सुरू झालं, आयुष्यात पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावावर खातं झालं. अर्जात मोबाइल नंबर मागितला होता. तिच्याकडे बटणाचा फोन, म्हणून मी माझा नंबर लिहिला. तेव्हापासून तिने काढलेल्या प्रत्येक रकमेचा मेसेज मला येऊ लागला. मी सहज विचारायचो, "आई, तीन हजार काढलेस? काही विशेष?" ती म्हणायची, "लागतात रे." हळूहळू तिचं पैसे काढणं कमी झालं. मला वाटलं, तिचा खर्चच कमी झाला. मग नवा फोन आणि सर्कल आलं, आणि नव्वद रुपयांची मेथीही माझ्या पिनाशिवाय तिला मिळेना. दादा निदान आठवड्यातून एकदा वही बघत. मी घासाघासाला बघत होतो.

हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही. दिवाळीच्या पाडव्याला लेकीशी माझं वाजलं, त्यातून ते निघालं. ती पुण्याला हॉस्टेलवर असते. तिचं खातं ती अठराची होण्याआधी माझ्यासोबत उघडलेलं, अजून तसंच. तिचा सगळा खर्च यूपीआयवर, त्यामुळे मला नेट बँकिंगमध्ये ओळीने दिसतो. चहा पंधरा, झेरॉक्स आठ, मोमोज ऐंशी. मी म्हटलं, "रोज बाहेरच खातेस वाटतं." ती ताडकन म्हणाली, "म्हणूनच मी आजीकडून नोटा मागून नेते."

मला वाटायचं, निघताना आजी नातीच्या मुठीत पाचशेची घडी कोंबते ती मायेपोटी. "आजी, फोनवर नको, नोटच दे," असं खरं तर लेकच तिला सांगायची. आणि आजी त्यासाठी बायकोकडून किराण्याचे उरलेले सुट्टे साठवायची. मग मेथीचं सगळं बाहेर आलं. शेवटी लेक म्हणाली, "बाबा, तुम्हाला वाटतं आजीला फोन जमत नाही. तिला सगळं जमतं. तुम्ही बघताय हे तिला नको आहे. मलाही नको आहे."

एक एकोणीस वर्षांची, एक चौऱ्याहत्तरची. मोबाइलवर वाढलेली पिढी आणि नोट वाजवून घेणारी पिढी यांच्यात मी आजवर मोठं अंतर धरून चाललो होतो. त्या दोघी एका बाजूला होत्या आणि मी एकटा पलीकडे.

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आईला बँकेत नेलं, तेव्हा तिचा स्वतःचा नंबर खात्याला जोडून घेतला. सर्कल त्याच दिवशी बंद केलं. आता तिच्या फोनवर तिच्या खात्याचं यूपीआय आहे. ती पिन टाकत असताना मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो. लेकीचं खातंही वेगळं झालं. आई फोनवरून विजेचं बिल भरते, गॅसचे पैसे देते, रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून वाद नको म्हणून तिथेही फोनच काढते. पण महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती बँकेत जाते, स्लिप भरते आणि काउंटरवर सांगते, "शंभराच्याच द्या, आणि थोड्या वीसच्या." एटीएममधून बहुधा पाचशेच्याच निघतात, आणि गंगेवर सकाळी सकाळी पाचशेची नोट काढली की भाजीवालीला बोहनीलाच सुट्टे शोधत फिरावं लागतं, असं तिचं म्हणणं. विसाच्या नव्या नोटेवर वेरूळचं लेणं आहे हे तिनेच मला दाखवलं. इतकी वर्षं माझ्या हातून त्या नोटा गेल्या असतील, मी कधी पाहिलं नव्हतं.

मला काळजी वाटत नाही असं नाही. कुणी तिला फसवलं तर मला आता कळणारही नाही. मी तिला १९३० हा आकडा मोठ्या अक्षरात लिहून दिला. तिने तो फ्रीजवर लावला आहे, दुधाच्या हिशोबाच्या कागदाशेजारी.

संक्रांतीला लेक दोन दिवस आली होती. संध्याकाळी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर दोघी ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला आणि बोलणं थांबलं. आईच्या मनगटाला पिठाचा बारीक पांढरा थर होता. मी माठातलं पाणी घेतलं, पेला विसळून पालथा घातला आणि बाहेर आलो.