एक वाव, एक हात

आमच्या लहानपणी दिवाळीला पंधरा दिवस उरले, की शिंपी घरी येऊन मापे घेई. माझी पाळी आली, की आई स्वयंपाकघरातून ओरडून सांगे, "वाढत्या अंगाचं शिवा हो!" शिंपी मान डोलावी आणि फीत चार बोटे पुढे सोडी. त्या चार बोटांच्या हिशेबावर माझे सारे बालपण गेले. झग्याच्या बाह्या कोपराखाली लोंबत, घेर पायात येई, आणि 'पुढच्या वर्षी बरोबर बसेल' ह्या आश्वासनावर मी समाधानाने करंज्या खात असे. पण माझ्या अंगाने आईचा शब्द पाळला नाही. चौदाव्या वर्षी ते चार फूट दहा इंचांवर थांबले, आणि आज बासष्टाव्या वर्षीही ते तिथेच आहे.

पुढे माझ्या ध्यानात आले, की वाढत्या अंगाचे केवळ झगेच शिवतात असे नाही. सारे जगच माझ्यासाठी चार बोटे पुढे सोडून बेतलेले होते. सासरचा ओटा गवंड्याने स्वतःच्या कमरेला लावून बांधलेला. मी जन्मभर पाटावर उभी राहून पोळ्या लाटल्या. बसमधला दांडा माझ्या हाताला कधी लागला नाही. शाळेतल्या फळ्याचा वरचा तिसरा हिस्सा तर मी मुलांना दानच करून टाकला होता. तिथे त्यांनी काढलेली चित्रे तास संपेपर्यंत सुरक्षित असत.

ह्या सगळ्याचे मला दुःख वाटले असे नाही. दुःख एकाच गोष्टीचे राहिले होते, आणि ती म्हणजे वल्हे.

कर्ली नदी देवबागजवळ समुद्राला मिळते. तिच्या काठी, थोडे आत, आमचे गाव. माझे वडील तर चालवीत. पैलतीरावरून कुणी हाक दिली, की ते हातातली विडी टाकून होडीत बसत आणि एका पात्याच्या लांब वल्ह्याने पाणी असे मागे सारीत, की जणू नदीच त्यांच्या हाताखालून सरकते आहे असे वाटे. माझे दोघे भाऊ दहाव्या-बाराव्या वर्षी वल्हे मारायला शिकले. मी एकदा हट्टाने ते वल्हे उचलले. वरचे टोक माझ्या डोक्यावर हातभर गेले आणि मी त्याच्यासकट कलंडले. वडिलांनी मला उचलले, वल्हे बाजूला ठेवले आणि ते म्हणाले, "ह्यां तुज्या मापाचां न्हय गे, बाय."

रागावून म्हणाले नाहीत. रागावले असते तर मी विसरून गेले असते.

मग पूल झाला, तर बंद पडली, वडील गेले. मी पुण्याला तीस वर्षे मराठी शिकवले. निवृत्त झाले तेव्हा उजवा खांदा आखडला होता. टाचा उंचावून फळ्यावर लिहिल्याची ही पावती. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा, पण दुखले तर थांबा. हवापालट म्हणून मी भावाकडे गावी गेले. तिथे माझ्या भाचीने प्रवाशांसाठी चार कयाक घेऊन ठेवल्या होत्या. कयाक म्हणजे एकट्यादुकट्याने बसायची लहान होडी. तिचे वल्हे दोन्ही टोकांना पाती असलेले; मध्ये धरायचे आणि एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे मारायचे.

"आत्या, बस. हे कुणालाही जमतं," भाची म्हणाली.

मी बसले. पन्नास वर्षांपूर्वीची मुलगी माझ्या आत टुणकन उडी मारून बसली, असे म्हटले तर अधिक खरे होईल. पहिला दिवस आनंदात गेला. दुसऱ्या दिवशी मनगट ठणकू लागले. चौथ्या दिवशी खांदा इतका धरला, की वेणी घालता येईना. भावाने फोन केला असावा, कारण रात्री पुण्याहून मुलाचा आवाज आला, "आई, आता पुरे झालं. हे काय तुझं वय आहे का?" मी गप्प राहिले. त्याचे वाक्य वयाविषयी होते, पण माझ्या कानांनी ऐकले ते जुनेच वाक्य: तुज्या मापाचां न्हय.

भाची मात्र विचारी मुलगी. तिने मला अंगणात खुर्चीवर बसवले, हातात ते वल्हे दिले आणि ती समोर उभी राहून बघू लागली. मग कपाळावर हात मारून म्हणाली, "आत्या, चूक माझी. मी वल्हं होडीला बघून दिलं, तुला बघून दिलंच नाही."

तिने जे समजावले ते मला इतके पटले, की वर्गात असते तर मी तिला शाबासकी दिली असती. प्रवाशांच्या कयाक ऐंशी सेंटिमीटर रुंद असतात. त्या सहसा उलटत नाहीत, म्हणून नवख्याला बऱ्या. पण एवढ्या रुंद होडीत मध्यावर बसून दोन्ही बाजूंचे पाणी गाठायचे, तर वल्हे लांब हवे. माझ्या हातात होते ते २४० सेंटिमीटरचे. होडीच्या दृष्टीने ते बरोबर होते. पण वल्हे जितके लांब तितके पाते होडीपासून दूर पडते. दूरच्या पाण्याचा सारा भार तरफेसारखा खांद्यावर येतो, आणि होडी सरळ जाण्याऐवजी तोंड डावी-उजवीकडे फिरवते. शिवाय ॲल्युमिनियमचा दांडा आणि प्लॅस्टिकची पाती मिळून त्याचे वजन सव्वा किलो. मिनिटाला पन्नास वार धरले तर तासाला तीन हजार. तीन हजार वेळा उचलायच्या वस्तूत पावशेर कमी की जास्त, हा हिशेब खांदा चोख ठेवतो.

मनगटाचे गुपित आणखी निराळे. त्या वल्ह्याची दोन पाती एका रेषेत नव्हती. एक दुसऱ्याशी साठ अंशांनी पिळलेले होते. समोरून वारा असला, की हवेतले पाते वाऱ्याला आडवे न येता कापत जावे, म्हणून ही युक्ती. पण त्यासाठी दर वाराला मनगट वळवावे लागते. खाडीत सकाळच्या शांत पाण्यावर सावकाश हिंडणाऱ्या बाईला त्याची काय गरज? भाचीने दांड्यावरची खीळ दाबून पाती एका रेषेत आणली. दांडा माझ्या मुठीला जाड होता, म्हणून मी तो आवळून धरीत होते, हेही तिने दाखवले. खांदा दुखायला लागतो तो पुष्कळदा मुठीपासून.

"आणि हातांनी ओढू नकोस," ती म्हणाली. "कमरेतून वळ."

हे मला शिकवावे लागले नाही. जात्यावर दळणारी बाई हाताने दळत नाही, कमरेने दळते. ताक घुसळताना एक हात दोरी ओढतो तेव्हा दुसरा देतो. कयाकचे वल्हे म्हणजे आडवी धरलेली रवीच.

पण लांबीचा प्रश्न उरलाच. तेव्हा भाचीने मला ग्रीनलंडची गोष्ट सांगितली. कयाक मूळची तिकडच्या इन्युइट लोकांची. त्या देशात लाकडासाठी रान नाही. सैबेरियातल्या नद्यांतून वाहत आलेले ओंडके समुद्र आणि बर्फ त्यांच्या किनाऱ्याला आणून टाकी. त्यांतून होडीचा सांगाडा होई आणि वल्हे होई. सांगाड्यावर सीलचे कातडे चढवीत, आणि ते शिवण्याचे काम बायकांचे. शिकाऱ्याची कयाक त्याच्या अंगाच्या मापाने बांधलेली. वल्ह्याची पाती अरुंद, मुठीत मावतील इतकी, दोन्ही एका रेषेत. कडा झिजू नयेत म्हणून हाडाच्या पट्ट्या बसवलेल्या. आणि लांबी? दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत जेवढे अंतर, त्यात कोपरापासून बोटांपर्यंतचे अंतर मिळवायचे. असे एक जुने माप सांगतात.

मी ताडकन उठून बसले. अहो, हे तर आपलेच माप! पसरलेल्या दोन हातांतले अंतर म्हणजे वाव, आणि कोपरापासून बोटांपर्यंत म्हणजे हात. आमच्याकडे विहिरीचा दोर अजून वावांनी मोजतात. एक वाव आणि एक हात!

मराठीत 'वाव' म्हटले, की आणखीही एक अर्थ मनात येतो. मी तीस वर्षे मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर 'सुधारणेस वाव आहे' असे लिहीत आले. आणि वाव म्हणजे आपलेच दोन हात पसरले की जेवढी जागा होते तेवढी, हे त्या दिवशी अंगणात हात पसरून उभी राहिले तेव्हा मला उमगले. भाचीने फीत धरली: १४७ आणि ४०, म्हणजे १८७ सेंटिमीटर. चार बोटे पुढे नाही, की मागे नाही.

गावचे सुतारकाका आता थकले आहेत, पण हात अजून सुताराचा आहे. त्यांनी शिवणीचे लाकूड निवडले. हलके आणि पाण्याला टिकणारे. रंधा मारता मारता ते म्हणाले, "तुज्या बापाशीचां वल्हांय ह्याच पडवीत झालां. माज्या बापाशीन् त्याचो हात धरून माप घेतल्यानी."

मी क्षणभर काही बोलले नाही. म्हणजे ते वल्हे वडिलांच्या हाताच्या मापाचे होते. ते माझ्या मापाचे नव्हते हे त्यांचे वाक्य अक्षरशः खरे होते; त्यात माझे उणे त्यांनी काढलेच नव्हते. ते मी काढले, आणि पन्नास वर्षे जपले. मात्र एक गोष्ट तेव्हाही खटकली आणि आजही खटकते. त्याच पडवीत माझाही हात धरून एक लहान वल्हे करावे, हे त्या काळी कुणाच्या मनात आले नाही. त्यांच्या नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याही नाही.

नवे वल्हे आठशे ग्रॅमच्या आतबाहेर भरले. मी ते घेऊन मोठ्या ऐटीत रुंद कयाकमध्ये बसले, पहिला वार मारला, आणि बोटांची पेरे होडीच्या काठावर अशी आपटली, की डोळ्यांत पाणी आले. पाते जेमतेम अर्धे बुडे. पाणी गाठायचे तर प्रत्येक वाराला बाजूला झुकावे लागे. काठावर उभी असलेली भाची हसू दाबीत होती.

"आत्या, आता उलटं झालं! हे तुझ्या मापाचं आहे, होडीच्या नाही."

तिचे म्हणणे खरेच होते. ते जुने माप पन्नास-पंचावन्न सेंटिमीटर रुंदीच्या होडीसाठी होते. नुसते अंगाचे माप घेऊन भागत नाही. ज्या होडीत बसायचे तिलाही विचारावे लागते. बाजारचे वल्हे घ्यायचे तरी हेच: साठ सेंटिमीटरच्या आतली होडी आणि माझ्यासारखे ठेंगणे माणूस असेल, तर २१० च्या आसपासचे पुरते, त्याच माणसाला रुंद होडीत बसवले, की २३०-२४० घ्यावे लागते. मग वाटते, संसारात आपले बिनसते तेही पुष्कळदा असेच असावे. कधी आपण होडीच्या मापाचे वल्हे उचलतो आणि अंग मोडून घेतो. कधी आपल्याच मापाचे उचलतो आणि पेरे फोडून घेतो.

भाचीची स्वतःची एक अरुंद कयाक होती, छप्पन्न सेंटिमीटरची. तीत बसायला मला आठ दिवस लागले, आणि त्या आठ दिवसांत मी तीनदा कंबरभर पाण्यात पडले. पण अंगात लाइफ जॅकेट होते, आणि पाणी ओळखीचे होते. नवव्या दिवशी सकाळी भरतीच्या पाण्यावर वल्हे टेकवले, आणि पाते पुरते बुडाले, आवाज न करता. एक हात ओढी, दुसरा देई. खांदा बोलला नाही. मी पैलतीरावरच्या जुन्या तरीच्या धक्क्यापर्यंत गेले, तिथल्या शेवाळलेल्या दगडाला हात लावला आणि परत आले. रात्री मुलाला फोन करून एवढेच सांगितले, "खांदा बरा आहे."

आता ह्या दिवाळीची गोष्ट. भाचीची आठ वर्षांची मुलगी महिनाभर माझ्या वल्ह्यामागे लागली आहे. परवा तिने ते उचलले. वरचे टोक तिच्या डोक्यावर हातभर गेले. माझ्या ओठांवर जुने वाक्य आले होते. ते मी गिळले आणि तिला घेऊन सुतारकाकांच्या पडवीत गेले. काका म्हणाले, "बाय, हात पसर." तिने दोन्ही हात असे पसरले, की खांबापासून खांबापर्यंत जागा तिचीच.

काकांनी माप घेतले आणि माझ्याकडे बघून विचारले, "वाढत्या अंगाचां करूं?"

"नको," मी म्हटले. "आज आहे तेवढंच करा. पुढच्या वर्षी दुसरं करू."