ज्ञानदा की डायना

२००४ साली पुण्याहून न्यू जर्सीत, एडिसनला आले आणि नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझं नाव बदललं. पासपोर्टवर ‘ज्ञानदा’चं स्पेलिंग आपल्या मराठी रीतीप्रमाणे डी-एन-वाय असं सुरू होतं. साहेबांनी दोनदा प्रयत्न केला आणि म्हणाले, “डायना म्हटलं तर चालेल?” एवढ्यातेवढ्यावरून कशाला अडून बसायचं, म्हणून मी ‘हो’ म्हटलं. टेबलावरची पाटी, ईमेल, फोनची यादी, सगळीकडे मी डायना झाले.

सहा वर्षं हे चाललं. मग एका दुपारी मुलगी पाळणाघरात तापानं फणफणली. मी मीटिंगमध्ये होते, मोबाइल बंद. नवरा विमानात. तिथल्या बाईंनी फॉर्मवरचं नाव वाचून ऑफिसात फोन केला, तर उत्तर मिळालं, “या नावाचं इथे कुणी नाही.” फोन घेणाऱ्या मुलीची काहीच चूक नव्हती. तिला खरंच माहीत नव्हतं. मी सहाला पोचले तेव्हा लेक बाईंच्या खांद्यावर झोपली होती, कपाळावर ओल्या रुमालाची घडी. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी पाटी बदलून मागितली. सगळ्यांना सांगितलं, तुमच्या ‘नाइफ’मधला के जसा उच्चारत नाहीत, तसाच माझा डी सोडून द्या. दोन आठवड्यांत सगळे ‘न्यानदा’ म्हणायला लागले. आपला ‘ज्ञ’ त्यांच्या जिभेला वळत नाही, मीही हट्ट धरला नाही. एवढी मुरड मला मान्य आहे. शेजारच्या टेबलावरच्या चिनी मैत्रिणीनं स्वतःसाठी ‘ग्रेस’ हे नाव हौसेनं निवडलं होतं, तेही मला मनापासून पटतं. तिनं ते स्वतः निवडलं होतं.

२०१६ मध्ये नागरिकत्वाचा अर्ज भरला. नाव बदलायचं आहे का, असा त्यात सरळ प्रश्न असतो. हो म्हटलं, तर शपथ न्यायालयात घ्यावी लागते आणि दाखल्यावर नवं नाव येतं. त्या प्रश्नापाशी मला आई आठवली. लग्नात ताटातल्या तांदळांवर वडिलांनी अंगठीनं ‘सुनंदा’ लिहिलं आणि माहेरची सिंधू तिथेच संपली. तिला कुणी विचारलंही नव्हतं. मामा मात्र शेवटपर्यंत तिला सिंधूच म्हणायचा, आणि ती हाक आली की आई हातातलं काम टाकून उठायची.

मला निदान विचारलं होतं. मी ‘नाही’वर खूण केली.

नव्यानं इकडे येणाऱ्या मुलामुलींना माझं एवढंच सांगणं आहे. पहिल्या दिवशी कुणी “चालेल का?” म्हणून विचारलं, तर घाईनं हो म्हणू नका. आपलं नाव सावकाश, दोनदा म्हणून दाखवा. लोक शिकतात.