जुने साचे

काही वस्तू झिजून संपतात, तर काही न झिजताच संपतात. पोळपाट, पाटा-वरवंटा, नित्याची वहाण या पहिल्या वर्गातल्या. लग्नातील मुंडावळ्या, बाळंतविड्यातील टोपडी या दुसऱ्या वर्गातल्या. त्यांचे काम एका दिवसाचे अथवा एका वर्षाचे. ते उरकले की वस्तू धडधाकट असूनही घरात अडचण होऊन बसते. या दुसऱ्या वर्गात आम्ही अलीकडे आणखी एका वस्तूची भर घातली आहे. ती म्हणजे नानाविध आकारांचे केकचे साचे, आणि तेही जुन्या बाजारातले.

या वस्तूची आमची ओळख अमेरिकेतील मिनिआपोलिस शहरी झाली. आमची धाकटी बहीण तेथे राहते. एका उन्हाळ्यात आम्ही तिच्याकडे मुक्कामास होतो, तेव्हा दर शनिवारी ती आम्हांस जुन्या वस्तूंच्या दुकानांत नेई. लोकांनी दान दिलेल्या वस्तू तेथे अल्प किमतीस विकतात. भांड्यांच्या फळीवर अस्वल, फुलपाखरू, कोकरू, विदूषक असे ॲल्युमिनियमचे साचे एकात एक रचून ठेवलेले असत. दीड-दोन डॉलरांत वाटेल ते जनावर घरी आणावे.

केकच्या साच्यांच्या इतिहासात या शहराचे नाव मोठे आहे. डालक्विस्ट दांपत्याने १९४६ साली येथे नॉर्डिक वेअर ही कंपनी काढली. १९५० साली हदासा या ज्यू महिलासंस्थेच्या काही स्त्रियांनी डेव्हिड डालक्विस्ट यांच्याकडून, युरोपातील जड साच्यांच्या धर्तीवर, मधोमध नळी असलेला साचा करवून घेतला. तोच ‘बंट’ साचा. पुष्कळ वर्षे त्यास फारसे कोणी विचारीत नव्हते. १९६६ साली पिल्सबरी कंपनीच्या पाकस्पर्धेत टेक्सासच्या एला हेलफ्रिच यांच्या चॉकलेटच्या केकास दुसरे पारितोषिक मिळाले. तो केक या साच्यातला होता. आणि मग जो तो हाच साचा मागू लागला.

बंटच्या नळीस कारण आहे. तिच्यामुळे दाट मिश्रणाच्या पोटापर्यंत उष्णता पोचते. अस्वलाच्या कानांस असे कोणते कारण सांगणार? एवढेच, की कोणा चार वर्षांच्या मुलास त्या वर्षी अस्वलाचे वेड होते. पुढील वर्षी वेड बदलते, आणि अस्वल दुकानात येते.

अशा साच्याबरोबरचा सूचनांचा कागद बहुधा हरवलेला असतो. मग त्यात किती मिश्रण मावेल, हे वाटीवाटीने पाणी ओतून मोजावे लागते. आणि जेवढे पाणी मावले, त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक मिश्रण घालू नये. कुंचल्याने प्रत्येक खोबणीत पातळ तूप लावावे, वर मैदा भुरभुरून साचा ठोकावा. भाजल्यावर दहा मिनिटे धीर धरावा. घाई केली तर अस्वलाचे नाक साच्यातच राहते. फार उशीर केला तर अस्वल अंगच सोडीत नाही.

दुसऱ्याच्या घरचे भांडे आपल्या स्वयंपाकघरात आणणे आमच्या जुन्या संस्कारांस प्रथम रुचले नाही. बोहारणीस जुनी वस्त्रे देऊन नवी भांडी घेणारे आम्ही. येथे तर जुनी भांडीच घ्यावयाची. त्यातही एक गोष्ट आम्हांस कळेना. बहिणीचा एकुलता एक मुलगा शिक्षणासाठी दूरच्या गावी गेला आहे. लहानपणी त्याचे सारे वाढदिवस आगगाडीच्या इंजिनाच्या केकाने साजरे झाले, हे आम्ही छायाचित्रांत पाहिले होते. ते इंजिन मात्र तिच्या फळीवर दिसेना.

“ते मी ह्याच दुकानात देऊन टाकलं, दादा,” ती म्हणाली. “तो गेल्यावर शेजारच्या मुलीसाठी केक करायला घेतला, तर त्याच्या साच्यावर हातच चालेना. दुसऱ्यांच्या साच्यांवर चालतो.”

एवढे बोलून ती फुलपाखराच्या पंखांस तूप लावू लागली. आम्हीही पुढे काही विचारले नाही. त्या फळीवरील प्रत्येक साचा असाच कोणा आईच्या हातून सुटून आला असेल, हे मात्र त्या दिवसापासून आमच्या मनातून जात नाही. त्या देशातील काही गावांची सार्वजनिक ग्रंथालये पुस्तकांप्रमाणे केकचे साचेही घरी नेण्यास देतात. पुस्तकांत जन्म घालविलेल्या आम्हांस हे ऐकून मोठे समाधान वाटले. एकाचे वाचून झाले म्हणून पुस्तक संपत नाही, तसे एक मूल मोठे झाले म्हणून साचाही संपत नसावा.

आमच्या पुण्याच्या घरी आज पाच साचे आहेत. कोकराच्या पाठीवर चिकटपट्टी असून तीवर शाईने लिहिलेले एक आडनाव अर्धवट पुसले आहे. सहभोजनास भांडे नेताना तिकडे असे नाव घालतात. आपल्या पितळी डब्यांवर आजीचे नाव कोरलेले असे, त्यातलाच हा प्रकार. घासताना ती पट्टी आम्ही जपतो. पुढील महिन्यात वरच्या मजल्यावरील मुलाचा वाढदिवस आहे, आणि त्यास सध्या आगगाडीचे वेड लागले आहे. आगगाडी आमच्या संग्रही नाही. बहिणीस तसे कळविले. तिचे उत्तर आले, की येत्या शनिवारी शोधते.